नटवायची, पन लपवायची नाय

आमच्या ऑफिसमार्फत घेतलेल्या फ्लॅटमध्ये तुम्ही राहत असाल, तर हॉलच्या दारावरचा कोपरा एकदा निरखून बघा. भिंत आणि छत मिळतात तिथे काजळाचा एक ठिपका असेल. डास मारल्याचा डाग समजून तो पुसू नका. ती तीट आहे. तुमच्या घराला दृष्ट लागू नये म्हणून हसुराम घरत यांनी ती स्वतःच्या करंगळीने, स्टुलावर चढून लावलेली आहे.

हसुरामदादा विकाऊ घरांचे फोटो काढतात. माझा नवी मुंबईतल्या उलव्यात घरं विकण्याचा आणि भाड्याने देण्याचा धंदा आहे. हल्ली गिऱ्हाईक आधी मोबाइलवर घर बघतं, बोटाने पुढे ढकलतं, मागे ओढतं, आणि फोटो आवडला तरच चपला घालून निघतं. त्यामुळे फोटो चांगला असावा लागतो, आणि उलव्यापासून पार तुर्भ्यापर्यंत दादांसारखा घराचा फोटो काढणारा माणूस मला सापडलेला नाही. तसा दुसरा सापडला असता तर मी माणूस केव्हाच बदलला असता, कारण दादांनी माझं डोकं जितकं खाल्लंय तितकं माझ्या सासरच्या सगळ्यांनी मिळूनही खाल्लेलं नाही.

तीट कशाला, असं मी त्यांना पहिल्यांदाच विचारलं होतं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच अडाणी.

"ताई, आपन तिला उघऱ्यावर ठेवतो. उठल्यापासून निजेपर्यंत किती डोले लागतात तिला. लगीन ठरेपर्यंत तरी जपायला नको?"

घराला ते 'ती' म्हणतात. त्याला कारण आहे. दादांचा गावठाणात फोटो स्टुडिओ होता. लग्नाचे फोटो काढायचे, आणि त्याहून जास्त, लग्नासाठी 'दाखवायचे' फोटो काढायचे. पंचक्रोशीतल्या मुली त्यांच्या स्टुडिओत येऊन खुर्चीवर बसायच्या आणि तो फोटो स्थळांकडे जायचा. पुढे प्रत्येकाच्या हातात मोबाइल आला, स्टुडिओ ओस पडला. त्याच सुमाराला खाडीकाठच्या खाजणाच्या जमिनी शहरासाठी गेल्या आणि तिथे इमारती उठल्या. दादांनी कॅमेरा तोच ठेवला आणि समोर मुलीच्या जागी फ्लॅट बसवला. बाकी काहीही बदललं नाही.

काहीही नाही, म्हणजे खरोखरच काही नाही. दादा खोलीशी बोलतात. हॉलला म्हणतात, "जरा उजेडाला तोंड कर, बाय." पंख्याला म्हणतात, "मान सरल ठेव." कमोडचं झाकण उघडं दिसलं की पदर ढळल्यासारखे लाजून दुसरीकडे बघतात आणि मला खुणेने ते बंद करायला सांगतात. अमावास्येला फोटो काढत नाहीत. नवीन फ्लॅट म्हणजे कोरी, रीसेलचा म्हणजे दुसरेपणाची, भाड्याचा म्हणजे पाहुणी. बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या बिल्डरने एकदा त्यांना नमुना फ्लॅटचे फोटो काढायला बोलावलं. दादा गेले, सळया आणि सिमेंट बघितलं, आणि परत आले. "पालण्यातल्या पोरीचं फोटो मी दाखवायला देत नाय," म्हणाले. बिल्डरने मला फोन करून विचारलं की हा माणूस नेमका काय बोलून गेला. दादा आजारी आहेत, असं मी सांगितलं.

त्यांच्या स्कूटरला एक भलीमोठी पिशवी असते. तिच्यात नटवण्याचं सामान. एक पांढरीशुभ्र चादर, दोन उशा, एक कुंडीतलं खोटं झाड, आणि काचेच्या वाडग्यात प्लॅस्टिकची हिरवी सफरचंदं. ही सफरचंदं प्रत्येक घराच्या ओट्यावर असतात. एका गिऱ्हाइकाने माझ्याकडची सगळी घरं फोटोत बघून घेतल्यावर काळजीने विचारलं, "मॅडम, इथल्या सोसायट्यांमध्ये सफरचंदं ठेवायची सक्ती आहे का?" एका घरातल्या पोराने त्यातलं एक खरं समजून चावलं. त्यावर दातांचे व्रण उमटले. दुसरा कुणी असता तर त्याने ते फेकून दिलं असतं, निदान उलटं तरी ठेवलं असतं. दादा ते मुद्दाम सगळ्यांत वर, व्रण दिसतील असं ठेवतात.

इथून माझा खरा वैताग सुरू होतो. नटवण्यात दादांचा हात धरणारा कुणी नाही. कोंदट वन बीएचकेसुद्धा त्यांच्या फोटोत नुकतं न्हाऊन आल्यासारखं दिसतं. पण प्रत्येक घराचे फोटो देताना ते शेवटी एक जास्तीचा फोटो देतात, आणि तो असतो त्या घरातल्या दोषाचा. ओल आलेली भिंत, बिजागरीतून निखळलेलं दार, नाहीतर नाल्याकडे उघडणारी खिडकी. खाली स्वतः मजकूर लिहितात. 'बाथरूमचे दार पूर्ण उघडत नाही, बादलीला लागते.' 'बेडरूमच्या खिडकीतून समोरच्यांची बेडरूम दिसते. माणसे बरी आहेत.' 'पाणी सकाळी येते, नंतर रुसते.'

मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा माझ्या हातातला चहा सांडला. "दादा, आपण घर विकतोय की घराची तक्रार करतोय?"

"ताई, नटवायची, पन लपवायची नाय."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी रागावले, समजावलं, हात जोडले. तो एक फोटो मी गुपचूप काढून टाकला तर दुसऱ्या दिवशी दादा ऑफिसात येऊन बसायचे, काही बोलायचे नाहीत, पाणीही घ्यायचे नाहीत. आलेल्या गिऱ्हाइकाला स्वतःच्या मोबाइलवर तो फोटो दाखवून मग उठायचे. शेवटी मी नाद सोडला.

या तत्त्वापायी एकदा कहरच झाला. एका घरात मालकांचे वडील हॉलमधल्या दिवाणावर दुपारचे झोपायचे आणि मी कुणासाठीही उठणार नाही असं त्यांनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. उजेड तर दुपारचाच हवा होता. बराच वेळ वाटाघाटी झाल्या. अखेर दादांनी आजोबांच्या अंगावर पांढरी चादर घातली, पायांशी एक उशी आणि पोटाशी एक उशी ठेवली, आणि फोटो काढला. फोटो सुरेख आला. पण लपवायची नाय ना. दादांनी खाली लिहिलं, 'दिवाणावरील उंचवटा हे मालकांचे वडील आहेत. विक्रीत समाविष्ट नाहीत.' त्या घराला इतके फोन आले की मला जेवायला फुरसत मिळेना. त्यातले निम्मे लोक आजोबांची चौकशी करत होते.

असं सगळं हसत-भांडत चाललं असताना जाधवांचं घर आलं.

जाधव साताऱ्याकडचे. त्या घरच्या आजोबांनी मार्केटात ओझी वाहून कोपरखैरण्यात एक बैठं घर केलं होतं. आजोबा गेल्यावर मुलाने ते विकून उलव्यात मोठा फ्लॅट घेतला आणि आईला, म्हणजे आजींना, इकडे आणलं. फ्लॅट ऐसपैस होता, पण आजींचं त्यात मन रमेना. त्यांची सगळी माणसं, भजनाच्या बायका, गावाकडच्या जावा-नणंदा, कोपरखैरण्यातल्या त्या गल्लीत होत्या. इथे शेजारची दारं बंद, आणि खाली उतरलं तरी बोलायला वॉचमन, तोही बिहारचा. आजींनी हाय खाल्ली होती. मुलाला ते दिसत होतं. तेवढ्यात जुन्या गल्लीतच एक छोटं घर विकायला निघालं. घरमालक ओळखीचा, दसऱ्यापर्यंत थांबतो म्हणाला. आता हा फ्लॅट विकला गेला की आजी आपल्या माणसांत परत जाणार होत्या, नाहीतर नाही.

आणि फ्लॅट विकला जात नव्हता, कारण हॉलच्या मधोमध एक खांब होता.

बिल्डरच्या मनात आधी काहीतरी वेगळं होतं, मग त्याचं मन बदललं, पण खांब बदलता आला नाही. चांगला जाडजूड, चौकोनी, सोफा आणि टीव्ही यांच्या बरोब्बर मध्ये. जाधव कुटुंब मालिका बघायचं ते अर्धं या बाजूने, अर्धं त्या बाजूने. मुलाने मोबाइलवर स्वतः फोटो काढून टाकले होते आणि त्यात खांब कुठेच दिसत नव्हता. मला आश्चर्य वाटलं. मग कळलं की त्याने प्रत्येक फोटो खांबालाच पाठ लावून काढला होता.

लोक फोटो बघून हौसेने यायचे, दारातून आत पाऊल टाकायचे, खांब बघायचे, आणि मग उगाच किचनच्या टाइल्सची स्तुती करायचे. आजी प्रत्येक वेळी ठेवणीतलं नऊवारी नेसायच्या, पोहे करायच्या, वरून खोबरं-कोथिंबीर घालायच्या. पाहुणे पोहे खायचे, कळवतो म्हणायचे आणि जायचे. मुलगा कंटाळून माझ्याकडे आला, आणि मी हसुरामदादांना घेऊन त्यांच्याकडे गेले.

दादांनी नेहमीसारखी पिशवी उघडली. चादर झटकली, सफरचंदं मांडली, खांबाकडे एक डोळा बारीक करून बघितलं. आजी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. पुन्हा कुणीतरी बघायला आलंय असं समजून त्यांनी आम्हालाही पोहे दिले. मग दादांच्या जवळ येऊन, मुलाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाल्या, "भाऊ, तुमी जानकार दिसताय. आमच्यात काय वावगं आसंल तर सांगा की. मानसं येत्यात, पोहं खात्यात, घर लई छान हाय म्हनत्यात, आन् जात्यात ते जात्यातच. माझ्या पायगुनानं हुतंय का काय?"

दादांच्या हातातली बशी तशीच राहिली. थोड्या वेळाने ते उठले आणि त्यांनी सफरचंदं परत पिशवीत भरली. चादरीची घडी घातली, खोटं झाड उचललं. मला वाटलं तब्येत बिघडली. मग त्यांनी कॅमेऱ्याचा स्टँड दारात आणून ठेवला आणि फक्त खांबाचा फोटो काढला. समोरून, पूर्ण, खालपासून वरपर्यंत. खिडकीतलं ऊन त्याच्या एका बाजूवर पडलं होतं. त्या दिवशी ते एकाही खोलीशी बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात आमचं कडाक्याचं भांडण झालं. दादांचं म्हणणं होतं की हा फोटो शेवटी नाही, सगळ्यांत पहिला लावायचा.

"दादा, लोक पहिला फोटो बघूनच पुढे जातात. खांब बघून कोण थांबेल?"

"जो थांबंल तोच येऊ दे."

"आणि कुणीच थांबलं नाही तर? त्या बाईंचं कोपरखैरण्याचं घर जाईल."

"ताई, खांब पयला. नायतर मी फोटो देत नाय." दादांचा आवाज चढलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. चढला आणि लगेच फुटला. ते उठून बाहेर जाऊन स्कूटरपाशी उभे राहिले.

मी पहिला फोटो खांबाचाच लावला, पण रागाने लावला. म्हटलं, होऊ दे यांच्या मनासारखं, मग कळेल. खाली दादांचा मजकूर होता: 'हॉलच्या मध्यभागी खांब आहे. हलणार नाही.'

फोन बंद झाले. नेहमीचे हौशी बघेसुद्धा फिरकेनात. जाधवांचा मुलगा रोज मला फोन करून गोड शब्दांत शिव्या घालायचा. कोपरखैरण्याचा घरमालक दसरा जवळ आला म्हणून आठवण करून देत होता. आजींचं मात्र पोहे करणं सुटलं होतं. त्या मुलाला म्हणाल्या, "आता निदान सारकं सारकं कापड तर बदलायला लागत न्हाई." हे ऐकून मला दादांचा आणखीच राग आला.

आणि मग परब नावाच्या माणसाचा फोन आला. नोकरी महापेला, मूळचा कुडाळकडचा. त्याने किंमत विचारली नाही, पार्किंग विचारलं नाही. म्हणाला, "मॅडम, तो खांब खरा आहे ना? फोटोत बसवलेला नाही ना?"

मी म्हटलं, "दुर्दैवाने खरा आहे."

तो वडलांना घेऊन आला. वडील बरेच थकलेले, पाठीत वाकलेले, नजर अधू झालेली. जाधवांच्या दारात आल्यावर मी सवयीने म्हणायला लागले की बघा, व्हेंटिलेशन किती छान आहे. म्हाताऱ्याने माझ्याकडे लक्षच दिलं नाही. हात पुढे करून तो सरळ चालत गेला, त्याचा हात खांबाला लागला. त्याने खांब वरून खाली चाचपला, मग हळूहळू खाली बसला, पाठ टेकली, आणि पाय लांब केले.

"हो खांब बरो असा," तो मुलाला म्हणाला. "माका हयसर बसाक बरा वाटता."

मुलगा ओशाळून सांगायला लागला. गावच्या घरी वडील आयुष्यभर ओटीवरच्या खांबाला टेकून बसले. इथे आणल्यापासून सोफ्यावर बसले की घसरतात, खुर्चीत बसले की अवघडतात, आणि मधोमध बसायला मिळत नाही म्हणून भिंतीकडे तोंड करून गप्प होतात. "मधोमध बसले की त्यांना घरात काय चाललंय ते कळतं," तो म्हणाला. मग वडलांना उठवायला गेला तर ते उठेनात. किचन बघायचं राहिलं, बेडरूम बघायची राहिली, कुणालाच त्याची फिकीर नव्हती. आजींनी घाईघाईने पोहे केले. म्हाताऱ्याने खांबाला टेकूनच दोनदा मागून घेतले. आजी दारात उभ्या राहून त्याच्याकडे बघत होत्या आणि पदराने डोळे पुसत होत्या. व्यवहार तिथेच ठरला, आणि कोपरखैरण्याच्या घरमालकाला मी जिना उतरता उतरताच फोन केला.

एवढी बातमी फोनवर सांगणं मला बरं वाटेना. मी पेढे घेतले आणि दादांच्या घरी गेले. इतकी वर्षं ओळख, पण मी त्यांच्या घरी कधी गेले नव्हते. त्यांनीही कधी बोलावलं नव्हतं. गावठाणात आतल्या बाजूला त्यांचं घर आहे. दादा कुठेतरी फोटो काढायला गेले होते. दार त्यांच्या बहिणीने उघडलं. दादांना बहीण आहे हेच मला माहीत नव्हतं. साठीच्या पुढच्या, गोऱ्या, मोठ्या डोळ्यांच्या. नाव बेबीताई. मला बसायला सांगून त्या पाणी आणायला आत गेल्या, तेव्हा दिसलं की त्यांचा एक पाय आखूड आहे. प्रत्येक पावलाला सगळं अंग एका बाजूला झुकत होतं.

मी त्यांना खांबाची सगळी गोष्ट सांगितली. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. मी म्हटलं, "तुमचे दादा हट्टी आहेत हो. दोष दाखवायचा म्हणजे दाखवायचाच. धंद्याचा असला नियम मी कुठे बघितला नाही."

"धंद्याचा नियम," असं म्हणून त्या हसल्या. मग मांडीवरचा पदर सारखा करत सावकाश बोलायला लागल्या.

"माझा फोटो त्यानीच काढला व्हता. दाखवायचा. खुर्चीवर बसवला, पदर पायावर सोरला, बाजूला फुलदानी ठेवली. लय नटवला मना. मी फोटोत इतकी बरी दिसली का लांबलांबशी मानसं आयली. यायची, बसायची, हसून बोलायची. मंग मी पान्याचा तांब्या आनायला उठली का सगली गप व्हायची. एकदा एका पोराच्या बापानी दादाला इचारला, फोटोत पाय का नाय दाखवला. मी आतशी आयकला. त्याच्या मंग परत मी कोनाच्या समोर गेली नाय. दादा पन तसाच राह्यला, बहिनीच्या आधी मना नको बोलला."

मी पेढ्यांच्या पुड्याची गाठ सोडत राहिले.

"तुमी त्याला इचारू नका," त्या म्हणाल्या. "त्याला वाटतं मी इसरली."

बाहेर स्कूटर थांबली. दादा पिशवी घेऊन आत आले, मला बघून दारातच अडखळले. मी पेढा पुढे केला आणि म्हटलं, जाधवांचं घर विकलं गेलं, एका मुलाने आपल्या म्हाताऱ्या वडलांसाठी घेतलं. त्यांनी पेढा घेतला, पण तोंडात घातला नाही.

"आत आल्या आल्या खांब बघून थांबला का तो म्हातारा?" त्यांनी विचारलं.

"नाही थांबला. सरळ गेला आणि टेकून बसला."

दादांनी बहिणीकडे मान वळवली. "आयकलास काय, बेबी? सरल जाऊन बसला."

"आयकला," बेबीताई म्हणाल्या. "बरा झाला त्या खांबाचा."

आणि चहा ठेवायला उठल्या. त्या आत जाईपर्यंत दादा खाली वाकून आपल्या चपलेचा पट्टा लावत होते. तो लागलेलाच होता.